पळत्या शहरात थांबलेला माणूस

प्रतिनिधी, भिवंडी

सुताच्या गोदामाला किंवा यंत्रमागाच्या गाळ्याला आग लागली की भिवंडीत दोन दिशांनी धावपळ सुरू होते. बहुतेक माणसे आगीपासून दूर पळतात. मोजकी माणसे मात्र आगीकडे धावतात. अग्निशमन दलाचा बंब अरुंद गल्ल्यांतून वाट काढत येईपर्यंत बादल्या, पाइप आणि हाताला येईल ती वस्तू घेऊन तीच ज्वाळांशी झुंजत असतात. त्यांना कोणी नेमलेले नसते. त्यांना गणवेश नसतो, पगार नसतो आणि घरी वाट पाहणारी बायकामुले मात्र असतात. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे पटेल कंपाउंडमधील तीन मजली इमारत कोसळून ३५ हून अधिक रहिवाशांचा बळी गेला, तेव्हाही ढिगाऱ्यात प्रथम हात घालणारे शेजारपाजारचेच लोक होते. सरकारी पथक पोहोचण्यापूर्वी त्यांनी अनेकांना जिवंत बाहेर काढले. अशा माणसांचे नाव इतिहासात सहसा नोंदले जात नाही.

या निनावी स्वयंसेवकांचा एक नामवंत पूर्वज मात्र आपल्याच ठाणे परिसरात जन्मला. त्यांचे नाव नारायण मेघाजी लोखंडे. रविवारच्या सुटीचे जनक आणि भारतीय कामगार चळवळीचे आद्य नेते म्हणून त्यांची ओळख शालेय पुस्तकांतून होते. ही ओळख खरी असली तरी अपुरी आहे. गिरण्यांमधली पिळवणूक, १८९३ ची दंगल आणि १८९६ चा प्लेग या मुंबईवरच्या तिन्ही संकटांत हा माणूस आपणहून पुढे सरसावला. त्यांतल्या शेवटच्या संकटाने त्यांचा बळी घेतला, तेव्हा त्यांनी वयाची पन्नाशीही गाठलेली नव्हती.

ठाण्याचा मॅट्रिक

लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाण्यात झाला. घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्यातल्या कन्हेरसरचे, जातीने फुलमाळी. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा उघडली तीही याच वर्षी. नारायण पाच वर्षांचा होता, तेव्हा १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली देशातली पहिली प्रवासी आगगाडी ठाण्यात येऊन थांबली. पुढील काळात त्याच लोहमार्गाने कोकणातील आणि घाटावरील हजारो माणसे मुंबईच्या गिरण्यांकडे ओढली जाणार होती.

मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण त्या काळी बहुजन समाजातील मुलाच्या वाट्याला क्वचितच येई. लोखंडे यांनी ते पूर्ण केले, काही काळ रेल्वेच्या टपाल खात्यात नोकरी केली आणि मग मांडवी येथील एका कापड गिरणीत ते स्टोअरकीपर झाले. ही जागा मोठ्या मोक्याची होती. मालकाच्या कचेरीतले हिशेब आणि खात्यात राबणारे मजूर, दोन्ही त्यांना रोज दिसत होते. त्यांनी जे पाहिले, ते त्यांना पुढे स्वस्थ बसू देणार नव्हते.

मुंबईतली पहिली कापड गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली होती. गिरण्यांत विजेचे दिवे येण्यापूर्वी कामाचे तास सूर्य ठरवीत असे. पहाटे उजाडले की भोंगा व्हायचा आणि अंधार पडला की यंत्रे थांबायची. त्यामुळे हिवाळ्यात दिवस लहान म्हणून थोडा दिलासा मिळे, पण उन्हाळ्यात तेरा-चौदा तासांचे काम ठरलेले. दुपारच्या विश्रांतीची खात्री नव्हती. आठवड्याची सुटी नव्हती. सणाची सुटी मिळाली तर मिळाली. यंत्रे बंद असली तरी ती पुसण्यासाठी मजुरांना बोलावले जाई. पगार महिना उलटून गेल्यावरही हातात पडत नसे आणि तोवर घर चालायचे ते वाण्याच्या उधारीवर किंवा सावकाराच्या व्याजावर. यंत्रात हात गेला तर भरपाईचा प्रश्नच नव्हता.

सरकारने १८८१ मध्ये पहिला कारखाना कायदा केला खरा. पण त्याचा रोख प्रामुख्याने बालमजुरांपुरता होता. सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास त्याने बंदी केली, सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठी नऊ तासांची मर्यादा घातली. मोठ्या माणसांसाठी आणि स्त्रियांसाठी त्यात तासांची कोणतीही मर्यादा नव्हती.

‘दीनबंधू’चे संपादक

लोखंडे तरुणपणीच सत्यशोधक समाजाच्या कार्यात आले होते. समाजाचे विचार मांडणारे ‘दीनबंधू’ हे पत्र कृष्णराव भालेकर यांनी १ जानेवारी १८७७ रोजी पुण्यात सुरू केले होते. आर्थिक अडचणींमुळे ते बंद पडले, तेव्हा लोखंडे यांनी रामय्या व्यंकय्या अय्यावारू यांच्यासारख्या सत्यशोधक सहकाऱ्यांच्या मदतीने १८८० मध्ये ते मुंबईतून पुन्हा उभे केले. पत्रासाठी त्यांनी गिरणीतली नोकरी सोडली. बंद पडलेले वर्तमानपत्र चालवायला घेणे हा आजही संसारी माणसाला परवडणारा व्यवहार नाही. त्या काळात ज्यांच्यासाठी ते निघत होते, त्यांतल्या बहुतेकांना वाचताही येत नव्हते.

शेतकरी आणि कामकरी वर्गाचे प्रश्न ‘दीनबंधू’ने सातत्याने मांडले. गिरणीतला एखादा लिहितावाचता कामगार मोठ्याने वाची आणि चाळीतले बाकीचे ऐकत, अशा रीतीने छापलेला शब्द निरक्षरांपर्यंत पोहोचत असे.

जोतीराव फुले यांच्याशी असलेले त्यांचे नाते भक्तीचे होते, तसेच मतभेदांचेही होते. ‘शेतकऱ्याचा असूड’ या जोतीरावांच्या ग्रंथाची पहिली दोन प्रकरणे छापून ‘दीनबंधू’ने पुढचा मजकूर थांबवला. सरकारी नोकरशाहीवरील त्यातील प्रखर टीका पत्रावर संकट आणील, अशी धास्ती त्यामागे असावी. जोतीराव यामुळे दुखावले आणि त्यांनी आपली नाराजी लपवली नाही. तरीही ११ मे १८८८ रोजी मुंबईत मांडवीच्या कोळीवाडा सभागृहात जोतीरावांना ‘महात्मा’ ही पदवी अर्पण करण्यात आली, त्या सोहळ्याच्या मागे उभ्या असलेल्या कार्यकर्त्यांत लोखंडे होतेच. मतभेद झाला म्हणून काम सोडायचे नाही, हा त्यांचा स्वभाव पुढेही अनेकदा दिसला.

वर्गणी नसलेली संघटना

१८८४ मध्ये कारखाना कायद्याचा फेरविचार करण्यासाठी मुंबई सरकारने मुलॉक यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. मालकांची बाजू मांडायला मालकांची संघटना होती. मजुरांच्या बाजूने बोलणारे कोणी नव्हते. लोखंडे यांनी त्या वर्षीच्या सप्टेंबरात परळ भागात गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन आयोगापुढे ठेवले. देशातील कामगारांची पहिली संघटना मानली जाणारी ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ याच हालचालीतून उभी राहिली.

निवेदनातल्या मागण्या आज वाचल्या तर त्यांच्या साधेपणाचे आश्चर्य वाटते. रविवारी सुटी असावी. दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत मिळावा. कामावर जखमी झालेल्या मजुराला बरा होईपर्यंत पगार मिळावा आणि तो कायमचा अपंग झाल्यास त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी. पगारवाढीचा उल्लेखही या यादीत नव्हता.

ही संघटना आजच्या अर्थाने संघटना नव्हतीच. तिची सभासदांची यादी नव्हती, निधी नव्हता, लेखी नियम नव्हते. १८९२ च्या सरकारी कारखाना अहवालाने ही गोष्ट काहीशा तुच्छतेने नोंदवली आणि दाराशी येईल त्या गिरणी कामगाराला स्वयंसेवक म्हणून सल्ला देणारा गृहस्थ, एवढेच लोखंडे यांचे वर्णन केले. अधिकाऱ्याच्या मनात उणीव दाखवायची होती. प्रत्यक्षात त्याने या माणसाची नेमकी ओळख कागदावर उतरवून ठेवली. कोणाकडून वर्गणी न घेता, कोणाचे पद न मिळवता, पगार अडकलेला किंवा बोटे गमावलेला मजूर आला की त्याचे ऐकायचे, त्याचा अर्ज लिहायचा आणि तो योग्य टेबलावर पोहोचवायचा, असे हे काम होते. ते त्यांनी वर्षानुवर्षे केले.

रविवार आला

मुलॉक आयोगाने काही शिफारशी केल्या, पण कायदा हलला नाही. पुढली सहा वर्षे अर्ज, सभा आणि पुन्हा अर्ज अशी गेली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानाजवळ सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली. स्त्रीने चारचौघांत बोलणे हाच अपराध समजला जाण्याचा तो काळ होता. सभेने आठवड्याच्या सुटीची मागणी गिरणी मालकांच्या संघटनेकडे पाठवली आणि १० जून १८९० रोजी मालकांनी ती मान्य केली. मुंबईच्या गिरण्यांत रविवार सुटीचा दिवस झाला.

त्याच वर्षी भारत सरकारने नेमलेल्या कारखाना आयोगात मुंबईचे स्थानिक सदस्य म्हणून लोखंडे यांना सहभागी करून घेण्यात आले. आयोगाच्या अहवालानंतर १८९१ चा सुधारित कायदा आला. आठवड्याची सुटी कायद्यात आली, स्त्रियांच्या कामाला अकरा तासांची मर्यादा पडली आणि मुलांचे किमान वय सातवरून नऊ झाले. प्रौढ पुरुष कामगारांना मात्र तासांच्या मर्यादेसाठी १९११ पर्यंत थांबावे लागले. तीही बारा तासांची.

याच सुमारास त्यांनी आणखी एका कामात हात घातला. विधवांचे केशवपन ही तत्कालीन उच्चवर्णीय समाजातील क्रूर रूढी होती. तिला सुधारकांनी लेखांतून विरोध केला होता. वस्तरा ज्याच्या हातात होता, त्या न्हाव्याला मात्र कोणी विचारले नव्हते. लोखंडे यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये मुंबईत शेकडो नाभिकांची सभा झाली आणि विधवांचे केस कापायचे नाहीत, असा निश्चय तिने केला. पोटाचा धंदा बुडवून गरीब कारागिरांनी घेतलेला हा निर्णय होता.

दंगलीच्या दिवसांत

१८९३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगल पेटली. गोरक्षणाच्या प्रश्नावरून वातावरण आधीच तापले होते, त्यात सौराष्ट्रातील प्रभासपाटणच्या दंगलीच्या बातम्यांनी भर घातली. ११ ऑगस्ट रोजी सुरू झालेला हिंसाचार काही दिवसांत सुमारे ८० जणांचे प्राण घेऊन थांबला. गिरण्या बंद पडल्या, हजारो लोक शहर सोडून निघून गेले. या दंगलीत गिरणी कामगार ओढले गेले होते, ही लोखंडे यांच्या दृष्टीने सर्वांत वेदनादायी बाब होती. ज्यांना त्यांनी एका मैदानावर शेजारी शेजारी बसवले होते, तेच एकमेकांवर धावून गेले होते.

अशा वेळी पुढाऱ्याला आपापल्या गोटात बसून राहणे सोयीचे असते. लोखंडे यांनी दोन्ही समाजांत जाऊन सलोख्याचे प्रयत्न केले आणि भायखळ्याच्या राणीच्या बागेत ऐक्याचा मोठा मेळावा भरवण्यात पुढाकार घेतला. सरकारने १८९५ मध्ये त्यांना रावबहादूर हा किताब आणि जस्टिस ऑफ द पीस हा मान दिला.

भिवंडीकरांना हा अध्याय परका वाटण्याचे कारण नाही. १८५७ नंतर उत्तर हिंदुस्थानातून परागंदा झालेले मोमीन विणकर मुंबईच्या मदनपुऱ्यात वसले, तसे भिवंडीतही वसले. हातमागाच्या जागी यंत्रमाग आले. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईचे कापडाचे काम इकडे सरकले, तशी लाखो मागांची ही नगरी फुगत गेली. मे १९७० आणि मे १९८४ च्या दंगलींनी हे शहर होरपळले. १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांच्या पुढाकाराने गल्लोगल्ली मोहल्ला समित्या स्थापन झाल्या. दोन्ही समाजांतील मागवाले, दुकानदार, शिक्षक एका सतरंजीवर बसू लागले आणि डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. राणीच्या बागेत शंभर वर्षांपूर्वी जे करून पाहिले गेले, त्याचेच हे नेटके आणि चिवट रूप होते. दोन्ही ठिकाणी कामाला आली ती बिनपगारी माणसे.

प्लेग

सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकॅसिओ व्हिएगास यांनी मांडवी भागातील रुग्णांत गाठीच्या प्लेगचे निदान केले. ज्या मांडवीत लोखंडे यांनी स्टोअरकीपरची नोकरी केली होती, तिथूनच साथ पसरू लागली. धान्याची गोदामे, दाटीच्या चाळी आणि तुंबलेली गटारे यांनी उंदरांना आसरा दिला होता. रोग उंदरांवरील पिसवांमुळे माणसांत येतो, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. महापालिकेने गटारे धुतली, घरांना चुना फासला, रुग्णांना बळाने रुग्णालयात हलवले. त्यातून भय वाढले आणि रुग्णालयात नेलेला माणूस परत येत नाही, अशा अफवा चाळीचाळीत पसरल्या. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजार गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला.

लोक शहर सोडू लागले. आठ लाखांहून अधिक वस्तीच्या मुंबईतून १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत जवळजवळ निम्मे लोक निघून गेले होते. गिरण्यांना माणसे मिळेनात. महिना-महिना पगार अडकवणारे मालक नाक्यावर उभे राहून रोजच्या रोज मजुरी देऊ लागले. लोखंडे यांनीही गाडीत बसून ठाण्याला, तिथून कन्हेरसरला निघून जाणे कोणालाही वावगे वाटले नसते. ते संसारी होते, नावलौकिकाचे होते, रावबहादूर होते.

ते थांबले. गोरगरीब आणि कामगार रुग्णांसाठी रुग्णालय उभारण्याच्या कामी त्यांनी पुढाकार घेतला आणि स्वतःला रुग्णसेवेला जुंपून घेतले. सरकारी रुग्णालयाला घाबरणारा मजूर ओळखीच्या माणसाच्या शब्दावर मात्र उपचारांना तयार होई. बारा-तेरा वर्षे दाराशी येणाऱ्या प्रत्येकाचे ऐकून घेतल्यामुळे हा विश्वास त्यांनी मिळवला होता आणि आता तो पणाला लावायची वेळ आली होती. हाफकिन यांनी तयार केलेली लस १८९७ च्या जानेवारीत मुंबईत पहिल्यांदा टोचली गेली; सेवेकऱ्यांना तिचे सार्वत्रिक कवच मिळायला अजून अवकाश होता. रुग्णाजवळ बसणारा माणूस केवळ आपल्या नशिबावर विसंबून बसत असे.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी सरकारने साथरोग कायदा मंजूर केला. याच कायद्याचा आधार पुढे २०२० मध्ये करोनाच्या साथीत घेतला गेला. कायदा होऊन पाच दिवस झाले आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगनेच नारायण मेघाजी लोखंडे यांचा मृत्यू झाला. त्यानंतर महिन्याभरात, १० मार्च रोजी, पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. सत्यशोधक परिवाराने एका महिन्यात आपली दोन माणसे एकाच रोगाच्या हवाली केली.

मागे राहिलेले

त्यांच्या पश्चात असोसिएशन फार काळ टिकली नाही. एका माणसाच्या स्वयंसेवेवर उभ्या असलेल्या कामाची ही मर्यादाच म्हणावी लागेल. संघटित, वर्गणीदार, नोंदणीकृत कामगार संघटनांचे युग त्यानंतर दोन दशकांनी आले आणि त्या झगमगाटात या पहिल्या माणसाचे नाव मागे पडले. ३ मे २००५ रोजी टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. ज्या परळ भागात त्यांनी पहिल्या सभा घेतल्या, तिथल्या राज्य सरकारच्या श्रमविज्ञान संस्थेलाही त्यांचे नाव देण्यात आले आहे.

भिवंडीच्या यंत्रमाग कामगाराला आठवड्याची सुटी बहुधा शुक्रवारी मिळते. परंतु त्याची मजुरी विणलेल्या कापडाच्या मीटरवर ठरते. त्यामुळे माग थांबला की कमाई थांबते आणि सुटीचा दिवस घराला महाग पडतो. १९४८ च्या कारखाना कायद्याने दिवसाला नऊ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. मात्र लहानलहान गाळ्यांत विभागलेल्या या धंद्यात ती कधी नीट शिरली नाही. बारा तासांची पाळी येथे नेहमीचीच राहिली. लोखंडे यांचे १८८४ चे निवेदन एखाद्या गाळ्यात आज वाचून दाखवले, तर अपघाताच्या भरपाईचे कलम ऐकताना श्रोत्यांना ते जुने वाटणार नाही.

तरी या गावात ती दुसरी परंपराही जिवंत आहे. २०२० च्या उन्हाळ्यात करोनाने शहर हादरले आणि परप्रांतीय कामगार पायी गावाकडे निघाले, तेव्हा त्यांना वाटेत अन्नपाणी देणारी तरुण मुले याच वस्त्यांतली होती. शांतीनगरातल्या एका मशिदीत रुग्णांसाठी मोफत प्राणवायूचे केंद्र उघडले गेले आणि तिथे येणाऱ्याचा धर्म कोणी विचारला नाही. त्यांतल्या कितीजणांनी लोखंडे यांचे नाव ऐकले असेल, सांगता येत नाही. ठाणे इथून जेमतेम पंधरा किलोमीटरवर आहे. तिथल्या त्या मॅट्रिक झालेल्या स्टोअरकीपरची गोष्ट त्यांच्यापर्यंत, त्यांच्या शाळांपर्यंत आणि गाळ्यांपर्यंत पोहोचवायला अजूनही उशीर झालेला नाही.